सतरा भोकांची गोष्ट

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या संपादकांच्या नावावर टाका, कारण "तू बोईसरची ना, मग मराठी विभागात लिहायलाच पाहिजे" हा हट्ट त्यांचाच. विषय मात्र माझा आहे. विषय आहे भोक! गाडीच्या पत्र्याला पाडलेलं भोक. हसू नका. कोणाला गाडीवर अँटेना लावायचा असतो, कोणाला मागे कॅमेरा, कोणाला जादा दिवा, कोणाला स्पीकर. होस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारलीत तर अशी चार-पाच भोकं सहज दिसतील. मी पाडलेली भोकं माझ्या मामाच्या गाडीला होती (वर्कशॉपचे मामा नव्हेत, सख्खा मामा), आणि ती मला जेवढं शिकवून गेली तेवढं तीन सेमिस्टरनी शिकवलं नाही.

मामा नवापूरला राहतो. त्याच्याकडे पांढरी ईको आहे, पिवळ्या नंबरप्लेटची, बिनएसीची. तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना तो शिफ्टप्रमाणे ने-आण करतो. घर त्या गाडीवरच चालतं. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या शिफ्टला माणसं गाडीत बसली की मागच्या सीटवर अक्षरशः भट्टी. म्हणून मामाने छतावर बसवायचा एक झरोका आणला. प्लॅस्टिकची चौकोनी फ्रेम, वर उघडझाप करणारं झाकण. आता तो बसवायचा तर छत कापायला हवं. दिवाळीची सुट्टी होती आणि मी फर्स्ट इयरला होते. वर्कशॉपमध्ये फायलिंगचा एक जॉब झाला की माणूस स्वतःला इंजिनीअर समजायला लागतो, तसं माझं झालं होतं. मामा म्हणाला, "अगं, घरात मेकॅनिकलवाली असताना मी गॅरेजला कशाला पैसे देऊ?" मी शेजारून ग्राइंडर आणला, फूट बाय फूटचा चौकोन आखला आणि कापला. फ्रेमला सोळा स्क्रू होते, त्यांची सोळा भोकं पाडली. एक मोठं आणि सोळा लहान, एकूण सतरा. फटीत हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन भरलं. दोन तासांत काम फत्ते! मामीने त्या दिवशी माझ्यासाठी खास सरंग्याचं कालवण केलं होतं.

पुढे दोन पावसाळे गेले. मी फोन केला की मामा म्हणायचा, "गाडी मस्त चाललीय." खरं काय ते मामीने सांगितलं. पहिल्याच जुलैत छत गळायला लागलं. मागच्या एका सीटवर कोणी बसेना. मामा छतावर निळं प्लॅस्टिक बांधून फिरत होता. झरोका हवेसाठी आणलेला, आणि चार महिने तो प्लॅस्टिकखाली! दुसऱ्या पावसाळ्यात कंत्राटदाराने स्पष्ट सांगितलं की गाडी नीट कर, नाहीतर दुसरी लावतो. मामाने मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, कारण माझी परीक्षा होती.

मी सुट्टीत जाऊन छतावर चढले. तीन आजार दिसले. कापलेल्या कडेला रंग फुगून खाली गंज आला होता. झरोक्यापासून लांब, जिथे मी काही केलंच नव्हतं तिथेही, गंजाचे बारीक ठिपके उठले होते. आणि चौकोनाच्या एका कोपऱ्यातून केसाएवढी चीर निघून जवळच्या स्क्रूच्या भोकातून पुढे दोन बोटं गेली होती. हे असं का झालं, ते एकेक करून सांगते.

आजार पहिला : गंज

गाडीच्या छताचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. कारखान्यात त्या पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग संपूर्ण बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवतात, म्हणजे कानाकोपऱ्यातही तो पोचतो. त्यावर पुढचे थर. एवढं सगळं करून एकूण जाडी भरते साधारण ०.१ मिलिमीटर. तुमच्या-माझ्या केसाएवढी! गाडीला गंजापासून वाचवणारी गोष्ट काय ती एवढीच. आपण भोक पाडतो तेव्हा कडेला उघडं पोलाद राहतं. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर जस्त आधी झिजून पोलादाला थोडा वेळ वाचवतं, पण किती दिवस?

आणि आपलं बोईसर! पश्चिमेला समुद्र, चार महिने पाऊस. वाऱ्याबरोबर येणारं मीठ पत्र्यावर बसतं. मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. गंजणं ही विजेचीच रासायनिक क्रिया असल्यामुळे तिला हे आयतंच मिळतं. शिवाय गंज लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. रंगाच्या खाली तयार झाला की तो रंगाला उचलतो, उचललेल्या रंगाखाली पाणी शिरतं, आणि गाडी पुढे चालू.

लांबचे ठिपके कुठून आले? ग्राइंडरमधून! ग्राइंडरच्या ठिणग्या दिवाळीच्या फुलबाजीसारख्या दिसतात, पण त्या म्हणजे लालभडक तापलेले लोखंडाचे कण. ते रंगावर पडून तिथेच रुततात, काचेवरही डाग पाडतात. पहिल्या पावसात प्रत्येक कण गंजतो. शिवाय ग्राइंडरच्या उष्णतेने कापलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा रंग जळतो तो वेगळाच.

आणि सिलिकॉन? ते भरताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. तेव्हा मला वाटलं, असेल बुवा वास. तो खरोखरच व्हिनेगरमधला आम्ल होता. बाथरूमच्या टाइल्ससाठी मिळणारं बरंचसं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं. टाइल्सना त्याचं काही नाही, पण उघड्या पोलादाच्या कडेला मी स्वतःच्या हाताने आम्ल लावून वरून झाकून ठेवलं होतं!

आजार दुसरा : चीर

आता जरा थिअरी. स्ट्रेसला मराठीत प्रतिबल म्हणतात असं मला कोशात सापडलं. शब्द छान आहे, पण मी स्ट्रेसच म्हणते, नाहीतर ओरलला सरांसमोर प्रतिबल तोंडातून जायचं.

संध्याकाळी डहाणू लोकल बोईसरला आली की पादचारी पुलावर काय होतं आठवा. माणसांचा लोंढा सरळ चाललेला असतो. मधे कोणी मोठं गाठोडं टेकवून उभं राहिलं की लोंढा दोन्ही बाजूंनी वळतो, आणि सगळ्यात जास्त चेंगराचेंगरी कुठे होते? गाठोड्याला अगदी लागून. पुलाच्या कठड्याजवळ फारसा फरक पडत नाही. पत्र्यातला ताणही असाच वाहतो. मधे भोक आलं की तो वळसा घालतो आणि भोकाच्या कडेला दाटतो.

किती दाटतो याचं गणित जर्मन इंजिनीअर किर्श यांनी १८९८ मध्ये मांडलं. रुंद पत्रा एका दिशेने ताणला आणि त्यात छोटं गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो. गंमत म्हणजे भोक लहान की मोठं याने हा आकडा बदलत नाही, पत्रा भोकाच्या मानाने पुरेसा रुंद असला म्हणजे झालं. पुढे १९१३ मध्ये इंग्लंडच्या इंग्लिस यांनी लंबगोल भोकाचं सूत्र दिलं : १ + २(अ/ब). 'अ' म्हणजे ताणाला आडवा असलेला अर्धा अक्ष, 'ब' म्हणजे ताणाच्या दिशेचा. दोन्ही सारखे धरा, किर्श यांचं ३ येतं. 'अ' हा 'ब'च्या दहापट धरा, उत्तर २१! म्हणजे कड जेवढी टोकदार, तेवढा स्ट्रेस भयंकर. माझ्या चौकोनाचे कोपरे काटकोनात होते. त्यातही ग्राइंडरची चकती कोपऱ्याच्या थोडी पुढे गेली होती, म्हणजे चीर पडायला मी खाचच करून दिली होती.

ईकोचं छत काही फार ताणाखाली नसतं, हे खरं. पण गाडी धावताना बॉडी सतत थोडी पिळवटते आणि छत थरथरतं. चिल्हार रस्त्यावर ट्रेलरच्या मागे-पुढे दिवसातून चार खेपा, वर्षाचे तीनशे दिवस. एका झटक्याने काही होत नाही. लाखो लहान झटक्यांनी होतं. यालाच फटीग म्हणतात.

हीच गोष्ट आकाशात घडली तेव्हा जग हादरलं. ब्रिटनचं 'कॉमेट' हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आलं. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेलं एक कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेत फुटलं आणि ३५ माणसं गेली. ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ समुद्रात कोसळलं. मग फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या केबिनमध्ये पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला. शेवटी केबिन एका उघड्या भागाच्या कोपऱ्यातून फाटली. समुद्रातून काढलेल्या पहिल्या विमानाच्या तुकड्यांवरही फटीगची खूण सापडली. कुठे, माहीत आहे? छतावर अँटेनासाठी कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी, एका बोल्टच्या भोकाजवळ. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या खिडक्यांचे कोपरे तर गोलसर होते! माझे तेवढेही नव्हते. मामाची गाडी विमान नाही म्हणून वाचले, एवढंच.

इलाज

मामाच्या गाडीतून रोज येणारे एक काका एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहेत. केमिकलच्या कारखान्यांना लागणारे रिअ‍ॅक्टर आणि व्हेसल बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. छत बघून ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "बाळ, आम्ही व्हेसलला मॅनहोल काढतो. तो कधी चौकोनी बघितलास?"

मी बघितला नव्हता. व्हेसलचा मॅनहोल गोल किंवा लंबगोल असतो. शिवाय त्याच्याभोवती बांगडीसारखी एक जाड पट्टी वेल्ड केलेली असते. शॉपमध्ये तिला आरएफ पॅड म्हणतात. तत्त्व साधं आहे : भोकासाठी जेवढं धातू काढलं, ते भोकाच्या आसपास परत द्यायचं, म्हणजे दाटलेल्या स्ट्रेसला वाट मिळते. पॅडलाही एक बारीक भोक मुद्दाम ठेवतात. त्यातून हवा भरून वेल्ड तपासता येतं, आणि पुढे आतून गळती झालीच तर आधी तिथे कळते. इतकी वर्षं मी त्या कारखान्यांच्या बाजूने शाळेत जात होते, आणि भोकाचा अख्खा धडा कुंपणापलीकडे उभा होता.

मग काकांनी ड्रिल मागितलं आणि चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचं नवीन भोक पाडलं. मी ओरडलेच. आणखी एक भोक? पण इंग्लिस यांचं सूत्र आठवा. चिरेचं टोक जवळजवळ सुईसारखं असतं, म्हणून ती पुढे सरकते. तिथे गोल भोक केलं की टोक बोथट होतं आणि चीर थांबते. भोकाने केलेला आजार भोकानेच आवरला! चीर नेमकी कुठे संपते ते आधी नीट शोधावं लागतं मात्र, नाहीतर ती भोकाच्या पलीकडून चालू राहते. आणि हा तात्पुरता आधार आहे, वर मजबुती द्यावीच लागते.

झरोका ठेवायचा का? गाडीचं पासिंग जवळ आलं होतं. काका म्हणाले, बुजवून टाका. आम्ही चारही कोपरे कानशीने गोल केले, गंज चमकेपर्यंत घासला, जस्ताचा प्रायमर दोन हात मारला. मग चोहोबाजूंनी दोन-दोन इंच मोठी, गोल कोपऱ्यांची जस्ती पत्र्याची प्लेट मजबूत अ‍ॅढेसिव्ह आणि रिव्हेटनी बसवली, कडेला पीयू सीलंट भरलं आणि रंग दिला. बाकीचे ठिपके घासून रंगवायला मला तीन दिवस लागले. दोन तासांचं काम निस्तरायला पाच दिवस गेले, आणि त्या पाच दिवसांचं मामाचं भाडं बुडालं.

तुम्हाला भोक पाडायचंच असेल तर

१) आधी विचारा : भोक हवंच का? चुंबकाचा अँटेना मिळतो. फटीत अडकणारे क्लॅम्प मिळतात. वायर आत न्यायची तर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात कंपनीने दिलेले रबरी बूच असतात, त्यातून नेता येते. कापायचंच तर बदलता येणारा स्वस्त भाग कापा, प्लॅस्टिकचा बंपर किंवा दाराचं आतलं कव्हर. छत दुकानात सहज बदलून मिळत नाही.

२) पलीकडे काय आहे ते आतलं अस्तर काढून बघा. छताच्या आडव्या पट्ट्या आणि दारांमधले खांब यांना हात लावू नका, अपघातात माणसाला तेच वाचवतात. पडद्यासारख्या एअरबॅग दारांच्या वर छताच्या कडेला गुंडाळलेल्या असतात. जमिनीखालून ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप जातात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. सीएनजी गाडीत ठिणगीचं काम घरी करूच नका.

३) ग्राइंडर नको. मास्किंग टेप लावून त्यावर आखा, सेंटर पंच मारा, तीन मिलिमीटरचं पायलट भोक पाडा, मग पायरीचं ड्रिल किंवा होल-सॉ वापरा. मोठं चौकोनी भोक लागत असेल तर आधी चार कोपऱ्यांवर चार गोल भोकं पाडा आणि मग ती जोडा. कोपरे आपोआप गोल होतात. ड्रिलला ग्रीस लावलं की चुरा त्याला चिकटतो. उरलेला सगळा चुरा उचला, फडक्याने पुसू नका, चरे पडतात.

४) कडेची धार कानशीने काढा. उघड्या पोलादावर जस्ताचा प्रायमर, मग रंग, आणि नीट सुकू द्या. सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

५) आंबट वासाचं सिलिकॉन नको. पीयू सीलंट किंवा न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन घ्या. पाणी साचेल अशा खोलगट जागी भोक घेऊ नका. बारीक फटीत पाणी आपोआप ओढलं जातं, मग छत कितीही उतरतं असो.

६) वायर जात असेल तर रबरी ग्रोमेट हवंच. गाडीची सगळी बॉडी म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक. पत्र्याच्या धारेने वायरचं आवरण कापलं गेलं की थेट शॉर्ट आणि आग. फ्यूज बॅटरीच्या जवळ लावा, नाहीतर फ्यूजच्या अलीकडची वायर उघड्यावरच राहते.

७) कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या पद्धतीने गाडीत भाग बसवून बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. अँटेनाच्या स्क्रूएवढ्या भोकाने आरसी बदलत नाही, पण छत कापण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. मी विचारलं नव्हतं.

आता मागच्या सीटजवळ दोन छोटे बारा व्होल्टचे पंखे क्लॅम्पने अडकवलेले आहेत. भट्टी थोडी कमी झाली आहे, पूर्ण गेली नाही. छतावरची प्लेट पांढरी असली तरी उन्हात तिची कड दिसते. मी गेले की आधी तिच्याकडे बघते, या पावसाळ्यात एक थेंब आलेला नाही.

मामा त्यावर काही बोलत नाही. पण गेल्या सुट्टीत त्याने माझ्यासमोर एक खोकं ठेवलं. आत मागचा कॅमेरा होता. मला वाटलं, आता तो गॅरेजला जाईल. तो म्हणाला, "इंजिनीअर बाई, हिला भोक पाडावं लागेल का गं?"

मी अर्धा तास गाडीच्या मागे मांडी घालून बसले. कॅमेरा नंबरप्लेटच्याच स्क्रूंवर बसला. वायर नंबरप्लेटच्या दिव्याच्या जुन्या ग्रोमेटमधून आत गेली. एकही भोक पाडावं लागलं नाही.